बफी रीवॉच: पाचवा सीझन, रायली जाईपर्यंतची नोंद

व्हॅम्पायर मारणाऱ्या मुलीच्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या मालिकेचं रीवॉच काल पाचव्या सीझनच्या दहाव्या एपिसोडपर्यंत पोचलं. 'इन्टू द वुड्स', बफीचा प्रियकर रायली हेलिकॉप्टरमधून निघून जातो तो. या वेळी वही घेऊन बसलेय आणि एकच गोष्ट टिपतेय: दोघांपैकी एकाला काही झालं, तर ते दुसऱ्याला कधी कळतं आणि कुणाकडून. आजवर मी ठामपणे बफीच्या बाजूची होते. आताही आहे, पण वही भरत गेली तशी रायलीबद्दलची माझी चीड बरीच ओसरली.

वहीचं पहिलं पान स्कार्फचं. 26 सप्टेंबर 2000 ला आलेल्या पहिल्याच एपिसोडमध्ये ड्रॅक्युला बफीला चावतो आणि ती गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून वावरते. चाव्याची खूण रायलीला दिसते, पण ती आपणहून सांगत नाही. तो एपिसोड इतका हलकाफुलका आहे की एवढी वर्षं हा प्रसंग मी सहज सोडून दिला होता.

तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी रायली म्हणतो की माझं तिच्यावर प्रेम आहे, पण तिचं माझ्यावर नाही. म्हणतो कुणाला, तर बफीच्या मित्राला, झँडरला! हे मी लाल पेनानं लिहिलंय. बफी मनातलं सांगत नाही ही त्याची तक्रार, आणि स्वतःच्या मनातली सगळ्यात मोठी भीती तोही तिच्यापासून लपवतो. चौथ्यात त्याचं हृदय जिवावर बेतेल इतकं धडधडत असतं, तरी ऑपरेशनला तो तयार होत नाही. लष्करी प्रयोगांतून मिळालेली ताकद गेली तर तिच्यासाठी आपण कोण, हा प्रश्न त्याला छळत असतो.

सातव्या एपिसोडवर, 'फूल फॉर लव्ह'वर, मी सगळ्यात जास्त थांबले. शेवटचा प्रसंग चार वेळा पाहिला. आईला तपासणीसाठी हॉस्पिटलात जायचंय हे कळल्यावर बफी घरामागच्या पायऱ्यांवर एकटी रडत बसलीय. तिच्या प्रेमात पडलेला व्हॅम्पायर स्पाइक बंदूक घेऊन येतो, तिला मारायलाच. थोड्याच वेळापूर्वी तिनं त्याला तू माझ्या पायरीचा नाहीस असं सुनावून पैसे त्याच्या अंगावर फेकलेले असतात. यापेक्षा स्पष्ट नकार काय असतो? तरी तिचा चेहरा पाहून तो बंदूक खाली करतो, काय झालं विचारतो. तिला बोलायचं नसतं. मी काही करू शकतो का, असं तो विचारतो, तर उत्तरच येत नाही. मग तो नुसता शेजारी बसतो आणि अवघडून तिच्या पाठीवर थोपटतो.

त्याच एपिसोडमध्ये रायली काय करतो? तिला जखमी करणाऱ्या व्हॅम्पायरच्या अड्ड्यावर एकटाच जाऊन ग्रेनेड टाकतो. त्याचं प्रेम खरं आहे, यात मला शंका नाही. पण बफी गप्प झाली की त्याला ते नाकारल्यासारखं वाटतं आणि तो आपली किंमत दुसरीकडे कुठेतरी सिद्ध करायला जातो. तिचं गप्प होणं रायलीच्याही आधीचं आहे. एंजल या आत्मा असलेल्या व्हॅम्पायरवर, तिच्या पहिल्या प्रियकरावर, तिनं पूर्ण विश्वास टाकला आणि दोघांच्या त्या एका रात्रीनंतर त्याचा आत्मा हरपला. त्यानंतर ही मुलगी दुःख हातात धरून कुणाकडे कशी जाईल?

आठव्यात तर बफीची धाकटी बहीण डॉन रायलीला बरं वाटावं म्हणूनच सांगते की एंजलच्या वेळी ताई सारखी रडायची, तुझ्या बाबतीत तसं होत नाही. बिचारी! ते वाक्य त्याच्या किती खोल गेलं हे तिला कधी कळणारच नाही. त्याच एपिसोडमध्ये तो एका व्हॅम्पायरला स्वतःचं रक्त पिऊ देतो. नवव्यात बफी रेडिओचा आवाज वाढवून भांडी घासत रडते, रायली तिथे नसतो.

दहाव्याची नोंद छोटी आहे. रायली व्हॅम्पायरना रक्त पिऊ देतो हे गुपित बफीला कळतं ते स्पाइककडून. म्हणजे पुन्हा तिसऱ्याकडूनच. मला थांबवायचं कारण दे, नाहीतर आज रात्री सैन्याबरोबर निघून जातो, ही रायलीनं घातलेली मुदत मला अजूनही अन्यायाची वाटते. आई आजारी असताना कुणाला असं कोंडीत धरायचं नसतं. झँडरनं समजावल्यावर बफी धावत सुटते, त्याला हाक मारते, पण हेलिकॉप्टर उडालेलं असतं. त्या रकान्यात मी लिहिलं: 'सांगायला आली, पोचलं नाही.'

आता फॅनफिकबद्दल, म्हणजे याच पात्रांवर मी लिहीत असलेल्या कथेबद्दल. सातव्या आणि आठव्या एपिसोडच्या मधला एक प्रसंग लिहितेय, ज्यात त्या पायऱ्यांवर रायली येतो. दोन ड्राफ्ट फाडले. पहिल्यात बफी त्याला सगळं सांगून टाकते, आणि ती बफी उरतच नाही. दुसऱ्यात तो लगेच डॉक्टर कोण, तपासणी कधी, असं विचारत सुटतो आणि ती डोळे पुसून उठते. हा रायली मात्र अगदी खरा उतरलाय, म्हणून तेवढे प्रश्न ठेवलेत. तिसऱ्यात ती 'आत जा, मी येते' म्हणते आणि तो दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहतो. तो आत गेला तर कॅनन, म्हणजे मालिकेतली मूळ कथा, तसाच राहतो. परत येऊन बसला तर पुढचे तीन एपिसोड मला नव्यानं लिहावे लागतील. काल रात्रीपासून त्याचा हात कडीवरच आहे.