हर्णैचा वाटा

"घे दादा, पण सांगून ठेवते, ह्यांची लग्नं व्हायची होती अजून."

हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव उरकत आलेला, मोठं पापलेट काय खिशाला झेपत नाही म्हणून सहा पिल्लांचा वाटा घेत होतो, एकेक जेमतेम तळहाताएवढं. मावशी हसत बोलली आणि पिशवीत टाकून मोकळी.

2023 ला पापलेट राज्य मासा झाला, त्याच वर्षी सरकारने 54 जातींच्या माशांची किमान साईज पण ठरवली, त्याखालचं धरायचंच नाही. एकदा तरी अंडी घालू दे बिचारीला, एवढाच साधा हिशोब. पण जाळ्याचे आस (म्हणजे भोकं) बारीक, वर डिझेल, खलाशांचा पगार, आणि जाळं वर येईपर्यंत पिल्लू बहुतेक मेलेलंच असतं, मग परत सोडून तरी काय (हे मी नंतर स्वतःलाच समजावत होतो).

म्हटलं, मावशी मग विकता कशाला?

"तू घेतोस कशाला?"

रात्री पोराने तीन संपवली आणि विचारतो, बाबा मोठं पापलेट केवढं असतं? हाताने दाखवलं. जरा जास्तच मोठं दाखवलं का काय, तुम्हाला आठवतंय का नक्की केवढं असायचं?