तुम्ही विचारलंत म्हणून: स्तन पूर्ण का नाही काढला?

"एकदाचं काढूनच टाकायचं ना, डोक्याला ताप नको!" लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, अगदी रेडिएशनच्या रांगेतही हे ऐकलंय. मायेनंच विचारतात, कळतं मला. तरी आता सांगूनच टाकते.

माझी कॅन्सरची गाठ लहान होती, एकच होती. अशा वेळी नुसती गाठ काढून रेडिएशन घेतलं काय किंवा पूर्ण स्तन काढला काय, जगण्याची शक्यता सारखीच असते. अमेरिकेत आणि इटलीत बायकांवर वीस वर्षं लक्ष ठेवून २००२ साली हे प्रसिद्ध झालंय, माझ्या मनाचं नाही. त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचा धोका थोडा जास्त राहतो, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

मग रिपोर्ट आला. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, पण काढलेल्या तुकड्याची एक कड नाही. कडेला शाई लावून तपासतात, त्या शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडी कड काढू, किंवा पूर्ण काढू. तुम्ही ठरवा." वन्सं सोबत होत्या. तिथे काही बोलल्या नाहीत. रिक्षा नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबली तेव्हा हळूच म्हणाल्या, "पन्नाशी आली तुझी. आता काय करायचंय त्याचं?" हे बाहेर बघत बसले. सिग्नल सुटेना. मला रडूही येईना, नुसते कान तापले. घरी येऊन डॉक्टरांना फोन केला: कडच काढा.

रागाच्या भरात ठरवलंस, असं वन्सं अजून म्हणतात. नाही. आकडे आधीच माहीत होते मला. पण दिसण्याचा प्रश्नच नव्हता, असं जे मी सगळ्यांना सांगत आले, ते खरं नाही. होता. का नसावा?

वेल्ह्याहून येणारी एक बाई भेटली होती. रेडिएशनसाठी रोज पुण्याला येणं जमेना, राहायला कोणी नाही, म्हणून तिनं पूर्ण काढलं. तिचा निर्णयही बरोबरच. तिला कुणी हट्टी म्हटलं नाही.

निदान झालं त्या रात्री "उद्याच काढून टाका" म्हणणारी मीच होते. दरवर्षी मॅमोग्राफीच्या आधी ती पुन्हा भांडायला येते. मी सांगते, काढलं असतं तरी हाडांत, फुप्फुसात जायची भीती उरलीच असती. ती म्हणते, निदान ही एक तरी गेली असती. यावर माझ्याकडे उत्तर नाही.