पैसे कुणाचे दाखवायचे?

सप्टेंबरात सीएच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटशिवाय दुसरं काही सुचत नाही. तशातच करवीर तालुक्यातले एक ऊसकरी शेतकरी शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात आले आणि ऑडिटच्या फायली रात्रीपर्यंत तशाच राहिल्या. त्यांची मुलगी कॅनडात, ऑन्टॅरियो प्रांतात असते. जावयाची नोकरी तिथे, त्यामुळे हिला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी. आता तिला तिथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि स्टडी परमिटसाठी वडिलांच्या नावावर पैसे दाखवायचे होते.

"नेटवर्थचा तेवढा दाखला द्या साहेब," असं म्हणत त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. त्यात किती रक्कम दाखवायची ते व्हिसाच्या एजंटानं आधीच लिहिलं होतं.

दाखला म्हणजे नुसता शिक्का नव्हे. 2019 पासून आमच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर यूडीआयएन हा ओळख क्रमांक लागतो, त्यामुळे दाखला मी दिला हे कुणालाही पडताळता येतं. मी त्यांना पिशवी रिकामी करायला लावली. सातबारा, आठ-अ, ऊसबिलं, पासबुक. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न कधी भरलेलं नाही. मग परदेशातल्या अधिकाऱ्यानं हे उत्पन्न समजून घ्यायचं कशावरून? मी एकेक बिल घेऊन बसलो: किती टन, काय दर, विकास सोसायटीच्या कर्जाची कपात किती, बाकी रक्कम कोणत्या तारखेला जमा. हे काम मी ऑफिसातल्या कुठल्याही आर्टिकलवर, म्हणजे शिकाऊ पोरावर, सोपवत नाही. 9 लाखांची पै न पै जुळली.

आणि मग शेवटच्या पानावर एकरकमी 8 लाख, अनोळखी नावानं.

"ते एजंटानं मिळवून दिलंय ओ. म्हैनाभर खात्यावर ठेवायचं, मग परत. व्याज हाय थोडं."

त्यावर मी सही करणार नाही, हे तिथल्या तिथे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. एजंट आकडा फुगवत होता त्यामागचं कारण खरं होतं. 1 सप्टेंबर 2025 पासून क्वेबेक प्रांताबाहेर एका माणसाच्या वर्षभराच्या खर्चासाठी 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, आणि फी वेगळी. म्हणजे फी धरायच्या आधीच 14 लाखांच्या वर.

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, मुलीला व्हिडिओ कॉल लावला. जावयाचा पगार किती, तिचा स्वतःचा किती, तिथल्या बँकेत शिल्लक किती, असं विचारत गेलो. दोघांच्या पगारपावत्या होत्या, कंपनीचं पत्र मिळण्यासारखं होतं, बचतही बऱ्यापैकी होती. यातलं काहीच एजंटानं मागितलं नव्हतं! आमच्याकडच्या एजंटांना एकच फाइल येते, गाव सोडून निघालेल्या पोराची. तिथे राहून, कमावून, कर भरून अर्ज करणाऱ्या बाईलाही ते तीच फाइल लावतात, आणि बाप इकडे व्याजानं पैसे काढत बसतो.

परमिटचा सल्ला देणं माझं काम नाही. तिला तिथल्या परवानाधारक सल्लागाराला विचारायला सांगितलं. तिनं त्याच दिवशी विचारलं आणि परत फोन केला. वर्क परमिट संपायच्या आत अर्ज गेला तर निर्णय होईपर्यंत तिथे राहता येईल. पण परमिट हातात आल्याशिवाय वर्गात बसता येणार नाही, आणि अर्ज कामाचा नसून शिक्षणाचा असल्यामुळे वर्क परमिट संपेल त्या दिवसापासून नोकरीही बंद. प्रांताचं अटेस्टेशन लेटर, म्हणजे प्रांताच्या कोट्यात तिची जागा धरल्याचं पत्र, लागत नाही असं एजंट म्हणाला होता. आधीच कॅनडात असलेल्यांना 2024 मध्ये ती सूट होती, जानेवारी 2025 मध्ये ती काढली. ते पत्र तिनं धावपळ करून कॉलेजमार्फत मिळवलं.

"मग माझ्या पैशाचं काय?" वडिलांनी विचारलं.

तिची नोकरी थांबली की घरभाडं एका पगारावर येणार होतं. तुमचे 9 लाख त्यासाठीच लागतील, मी म्हणालो, तसं पत्र लिहून द्या. त्यांनी मान डोलावली. पण सगळा भार उचलायच्या तयारीनं आलेल्या माणसाला मी फाइलीत दुसऱ्या जागी बसवलं, हे त्यांना लागलं असणार.

8 लाख परत गेल्याची नोंद पासबुकात बघितली आणि मगच 9 लाखांचा दाखला दिला. अर्ज मुदतीत गेला. निकाल अजून नाही, पोरगी घरी बसून आहे. नकार आला तर वडील त्या 8 लाखांकडेच बोट दाखवतील, हे मला माहीत आहे. तेव्हा त्यांना काय सांगायचं, ते अजून जुळत नाही.