टाकीतलं पाणी ऑफिसात दिसावं म्हणून : आमची वाटचाल

सुरुवात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून झाली. तासगाव, पलूस, मिरज इकडनं जळालेल्या मोटारी यायच्या आणि बऱ्याच मोटारींचं दुखणं एकच, एक फेज गेला तरी मोटार चालूच राहिली, नाहीतर पाणी खाली गेलं आणि पंप कोरडाच फिरत बसला. रात्री २ वाजता तिथं बघायला कोण असणार? शेतकऱ्यांसाठी मोबाईलवर चालू-बंद होणारे स्टार्टर तेव्हा मिळायला लागले होते, पण गावाच्या नळपाणी योजनेला तेवढं पुरत नाही. जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर, नदीकाठी, शुद्धीकरण केंद्र दुसरीकडे, टाकी गावातल्या उंचावर, आणि टाकी भरली का ते बघायला पाणी सोडणारा माणूस गाडी काढून जाणार. म्हणून आम्ही दोघा भावांनी कुपवाड एमआयडीसीत गाळा भाड्यानं घेतला आणि लांबून पाणी-मोटार बघायचं यंत्र बनवायला घेतलं.

आत काय असतं, तर एक कंट्रोलर, सिमकार्डचा मॉडेम, १२ व्होल्टची बॅटरी. टाकीच्या तळाला प्रेशरवर चालणारा लेव्हल सेन्सर सोडायचा, १० मीटर पाणी म्हणजे साधारण १ बार दाब, त्यावरून पातळी कळते. फ्लोमीटर (पाणी किती वाहिलं) आणि एनर्जी मीटर (वीज किती लागली) मॉडबसवर, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत, वाचायचे. हा मॉडबस १९७९ सालचा, मॉडिकॉन कंपनीनं आपल्या पीएलसीसाठी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी, काढलेला, आणि आज बाजारातनं कुठलाही चांगला मीटर आणा, बहुतेक वेळा आरएस-४८५ नावाच्या जोडणीच्या दोन वायरींवर हाच चालतो.

सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असतो. शून्यापासून का नाही, तर टाकी रिकामी असली की ४ येतात आणि वायर तुटली की ०. म्हणजे पाणी नाही ही एक गोष्ट आणि मला दिसत नाही ही दुसरी, हे जुन्या लोकांनी वायरीतच वेगळं करून ठेवलंय. आमचं सगळं काम याच्यावरच उभं आहे असं मी मानतो.

कारण होतं काय, रेंज गेली की बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो. टाकीत ३ मीटर पाणी दिसतंय, साहेब त्या हिशोबानं पाणी सोडायला सांगतात आणि प्रत्यक्षात टाकी सकाळीच संपलेली. आमच्याकडे डेटा यायचा थांबला की आकडा करडा होतो आणि शेजारी शेवटच्या रीडिंगची वेळ येते. डिव्हाइसला स्वतःचं घड्याळ आणि मेमरी आहे, रेंज आली की मधली रीडिंग्ज आपापल्या वेळेसकट वर जातात. डेमोच्या वेळी लोक म्हणायचे की तुमचं सारखं करडं होतंय, दुसऱ्यांचं तर कायम हिरवं असतं. त्यावरून ऑर्डरी गेल्या, पण आम्ही ते बदललं नाही आणि बदलणारही नाही.

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर. नदीकाठची जॅकवेल, पॅनेल पाण्यात, लाईट बंद, मग मोबाईल टॉवरही बंद, चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. लाईट गेली की आमचं डिव्हाइस बॅटरीवर तसा मेसेज टाकतं, त्यामुळे कुठल्या पंपाची लाईट किती वाजता गेली आणि कुठून शेवटचा डेटा कधी आला एवढं तरी इंजिनिअर लोकांच्या हातात होतं, आणि पाणी ओसरल्यावर कुठं आधी जायचं ते त्यावरून ठरलं. तेव्हापासून नदीकाठचा बॉक्स आम्ही पुराच्या खुणेच्या वरच लावतो, केबल जास्त लागली तरी चालेल.

बाकी त्रास रोजचे. वळवाच्या पावसात विजा पडतात, त्यासाठी सर्ज प्रोटेक्शन आणि नीट अर्थिंग. पॅनेलमध्ये पाली, मुंग्या शिरतात, म्हणून केबल आत शिरते तिथलं ग्लँड घट्ट. क्लोरीन रूममध्ये तर सर्किट कार्डावरचं तांबं हिरवं पडतं, कोटिंग केलं तरी मी म्हणतो बॉक्स त्या खोलीच्या बाहेरच ठेवा. बिलं कधी मिळतात ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा, पगार मात्र आम्ही थांबवले नाहीत. नेटवर्कचं म्हणाल तर २०१६ ला जिओ आलं ते फक्त ४जी घेऊन, तेव्हाच आमच्या २जी मॉडेमचे दिवस भरत आले हे कळलं, आता ४जीचं मॉड्यूल टाकतो ज्यात गरज पडली तर २जी पण चालतं. जिथं रेंजच नाही तिथं लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे लायसन्स लागत नाही.

सध्या नळाच्या पाण्यातला उरलेला क्लोरीन मोजायचं काम चालू आहे. लिटरला कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम पाहिजे असं आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. हा सेन्सर नाजूक, पाण्याचा फ्लो एकसारखा लागतो, कॅलिब्रेशन, म्हणजे खऱ्या मापाशी जुळवणी, वेळच्या वेळी करावं लागतं, नाहीतर तो आरामात खोटा आकडा देत बसतो. म्हणून स्क्रीनवर रीडिंगखाली शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख येणार, आणि मुदत उलटली की तो आकडाही करडा. एक संच गाळ्यातल्या नळावर लावलाय, कुणाला बघायचा असेल तर कधीही या.