त्याने पाय उचलला

घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा फोन पहाटे साडेपाचला आला. "मॅडम, चंदीची बादली वाजवली तरी हा दारापाशी आला नाही. पुढचे पाय पुढे टाकून उभा आहे." रात्री कोठाराची कडी निसटली होती आणि घोड्याने पोट फुटेस्तोवर धान्य खाल्लं होतं, हेही त्याने त्याच दमात सांगून टाकलं. स्वतःची चूक असूनही लपवलं नाही. त्याचे उपकार मी आजही मानते, कारण या आजारात प्रत्येक तास मोलाचा असतो.

हा घोडा पागेतला सगळ्यांचा लाडका. त्याच्या काळात २४०० मीटरच्या शर्यतीत शेवटचं वळण संपलं की तो असा सुटायचा की मागच्यांना फक्त त्याच्या टापांची धूळ दिसायची. शर्यती सुटून आता बरीच वर्षं झाली होती, पण मोतद्दार तोच होता.

मी आत गेले तेव्हा घोडा सगळा भार मागच्या पायांवर तोलून उभा होता. अंगाला घाम. नाडी मिनिटाला ६४, एरवी विश्रांतीत ती चाळिसाच्या आसपास असते. खुराच्या वर, घोट्यापाशी बोटं ठेवली तर तिथली नाडी हातोड्यासारखी ठोके देत होती. खूर गरम. पुढचा एक पाय उचलायला गेले, तर त्याने उचलू दिला नाही. एक उचलला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, आणि तो त्याला सोसत नव्हता.

लॅमिनायटिस. घोड्याच्या खुरातलं हाड खुराच्या भिंतीला शेकडो बारीक पापुद्र्यांनी जखडलेलं असतं. सुमारे ५०० किलोचं शरीर, त्यातला साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर, आणि तो सगळा त्या पापुद्र्यांच्या भरवशावर. जास्तीच्या धान्यातला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि ही पकड सुटायला लागते. पूर्ण सुटली की हाड आतल्या आत फिरतं, खाली खचतं.

पशुवैद्यकी शिकत असताना सेक्रेटेरियट या अमेरिकेतल्या नामांकित शर्यतीच्या घोड्याबद्दल वाचलेलं त्या दिवशी डोक्यातून जाईना. १९७३ची बेलमाँट स्टेक्स ही शर्यत त्याने ३१ लेंग्थने, म्हणजे एकतीस घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकली, दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत. तो विक्रम अजून टिकून आहे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं हृदय अंदाजे दहा किलोचं सांगितलं होतं, साधारण घोड्याच्या दुप्पट. ते धडधाकट होतं. १९८९च्या ऑक्टोबरात, एकोणिसाव्या वर्षी, त्याला याच खुराच्या दुखण्यामुळे मरण द्यावं लागलं.

नळीने पोटात तेल सोडलं, वेदनाशामक दिलं आणि चारही पाय गुडघ्याखालपर्यंत बर्फाच्या पाण्यात घातले. एक्स-रेमध्ये हाड अजून जागेवर होतं. पण पहिल्या दिवसाच्या चांगल्या एक्स-रेवर मी कधीच विसंबत नाही. मालकांनी फोनवर विचारलं, पैदाशीला उपयोगी राहील ना? मी म्हटलं, आधी उभा राहू दे. आवाज चढला माझा, आणि त्याची मला खंत नाही.

पुढचे तीन दिवस मोतद्दार तिथेच होता. बर्फ विरघळला की नवा घालायचा, रात्रीसुद्धा. हात सुजून लाल झाले होते. मी झोपायला सांगितलं तर म्हणाला, "ह्याने माझ्यासाठी एवढं धावलंय, मॅडम."

चौथ्या दिवशी सकाळी घोट्याची नाडी बोटांना शोधावी लागली. दुसऱ्या एक्स-रेतही हाड जागच्या जागी. मोतद्दार नेहमीसारखा खाली वाकला, पायाच्या मागच्या बाजूला हळूच थाप दिली. घोड्याने क्षणभर वाट पाहिली आणि उजवा पाय त्याच्या तळहातावर ठेवला.