क्लाइड मॅकफॅटरच्या मागे कोण गातंय? (नोंद चौथी)

मंडळी, गेल्या तीन महिन्यांचा हिशोब देतो. या वर्षी नवीन रेकॉर्डी घ्यायच्या नाहीत, घरात आहेत त्याच एका गायकाच्या नीट धुवायच्या, योग्य सुईने वाजवायच्या आणि संगणकावर उतरवून घ्यायच्या, असं ठरवलं होतं. गायक अर्थात क्लाइड मॅकफॅटर, पन्नाशीच्या दशकात गाजलेला अमेरिकी कृष्णवर्णीय गायक. सतरापैकी अकरा उतरवून झाल्या. खरेदी न करण्याचा नियम एकदा मोडला, ते पुढे येईलच.

पहिल्यांदाच वाचताय त्यांच्यासाठी थोडं मागचं. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये राहतो आणि क्लाइड याच गावचा, १५ नोव्हेंबर १९३२ चा जन्म. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. पाचव्या वर्षापासून पोरगं भावंडांबरोबर वडिलांच्या चर्चमध्ये गायचं, आणि दहाव्या वर्षी तिथल्या गायकवृंदात एकट्याने गायचा मान त्याच्याकडे होता. इथली हेटाय ही कृष्णवर्णीयांची जुनी, भरभराटीची वस्ती. हमरस्ता काढताना तिचा मोठा भाग पाडला गेला. सेंट जोसेफ चर्चची १८९१ ची विटांची इमारत मात्र उभी आहे आणि आता तिथे सांस्कृतिक केंद्र चालतं. कामावरून येताना मी त्याच रस्त्याने येतो. १९४५ मध्ये मॅकफॅटर कुटुंब न्यू जर्सीतल्या टीनेकला गेलं, तिथून न्यूयॉर्कला. तिथे क्लाइड माउंट लेबनन सिंगर्स या भक्तिगीतं गाणाऱ्या गटात गाऊ लागला आणि पोटासाठी किराणा दुकानात नोकरी करू लागला.

आता कामाचं. पन्नाशीच्या दशकातल्या पंचेचाळीसच्या (मिनिटाला तितके फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी मी इतकी वर्षं साध्या स्टिरिओ सुईने वाजवत होतो. ती ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्या काळच्या मोनो रेकॉर्डींची खाच जरा रुंद असते, तिला १ मिलची सुई लागते. बारीक सुई खाचेत खाली बसते आणि तळाची सगळी घाण ऐकवते. १ मिलची सुई खाचेच्या भिंतींवर थोडी वर टेकते, जिथे आधीच्या मालकांच्या सुया तितक्याशा घासलेल्या नसतात. शिवाय डावी-उजवी वाहिनी एकत्र करून मोनो केलं की सुईच्या वरखाली हलण्याने येणारी खरखर बरीचशी आपोआप कटते. लाखेच्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डींना ३ मिलची सुई मी आधीपासूनच वापरतो. त्या धुताना पाण्यात अल्कोहोल चुकूनही घालू नका, लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही, बस.

सुई बदलली आणि पहिल्याच संध्याकाळी एक वेगळीच गोष्ट घडली. क्लाइडचा आवाज होता तसाच होता. तो टिपेचा, पातळ आणि तरी भरलेला आवाज खरखरीतूनही पोचतोच. स्वच्छ झाले ते मागचे आवाज. पोवाड्यात शाहीर एक ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलून धरतात. झील ढिली पडली की शाहीर कितीही ताकदीचा असो, पोवाडा बसतो. इथे तसंच आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कानाने कळलं. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डीपुढे वहीत दोन रकाने करतोय: मागे कोण गातंय, आणि लेबलवर नाव कुणाचं आहे.

डोमिनोजपासून सुरुवात केली. १९५० च्या सुमारास क्लाइड न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या अपोलो थिएटरातली हौशी गायकांची स्पर्धा जिंकला आणि बिली वॉर्डने त्याला आपल्या डोमिनोज या गटात घेतलं. वॉर्ड संगीत शिकलेला, पियानो वाजवायचा, गाणी बसवायचा, आणि शिस्तीचा फार कडक. नियम मोडला की दंड. फेडरल कंपनीची क्रमांक १२०२२, म्हणजे ‘सिक्स्टी मिनिट मॅन’, १९५१ ची. रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत चौदा आठवडे पहिली. पण ती बास गायक बिल ब्राउनची आहे, क्लाइड त्यात झील धरतो. नव्या सुईने ऐकताना तो मागे नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं: ब्राउनच्या खर्जावर वरून एक बारीक रेघ ओढल्यासारखा.

नंतर फेडरल १२०६८, ‘हॅव मर्सी बेबी’, १९५२. ही अठ्ठ्याहत्तरची आहे आणि माझ्या संग्रहातली सर्वांत लाडकी. दहा आठवडे पहिली होती. चाल, टाळी, आर्जव, सगळं चर्चमधलं, फक्त देवाच्या जागी प्रेयसी. सोल संगीत पुढे ज्या पायावर उभं राहिलं तो पाया इथे कानाला लागतो. क्लाइड एकच स्वर तीन-चार ठिकाणी मोडून खाली आणतो, आपल्याकडची मुरकी असते ना, जवळपास तशी. मी संगणकावर गती निम्मी करून ती जागा वीसेक वेळा ऐकली. मोडलेला प्रत्येक तुकडा सुरातच आहे.

आता लेबल. आधीच्या रेकॉर्डींवर नुसतं ‘द डोमिनोज’. नंतरच्यांवर ‘बिली वॉर्ड अँड हिज डोमिनोज’. क्लाइडचं नाव कुठेच नाही. कार्यक्रमांत तर कधीकधी त्याची ओळख ‘क्लाइड वॉर्ड’ अशी करून द्यायचे, लोकांना तो बिलीचा भाऊ वाटावा म्हणून. ज्या आवाजासाठी माणसं रांगा लावत होती त्याला आठवड्याचा पगार, तोही दंड कापून. १९५३ मध्ये तो बाहेर पडला, आणि जाण्याआधी आपल्या जागी आलेल्या पोराला त्यानेच तयार केलं. ते पोर म्हणजे पुढे मोठा गायक झालेला जॅकी विल्सन.

पुढचा किस्सा संग्राहकांच्या ओठांवर असतो. अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमत एर्तेगुन बर्डलंड क्लबमध्ये डोमिनोज ऐकायला गेले, बघतात तर क्लाइड नाही. चौकशी केली, कळलं की तो आता गटात नाही. तडक हार्लेममध्ये जाऊन त्याला शोधून काढला आणि करार केला. गट क्लाइडने स्वतः जमवायचा होता. तोच ड्रिफ्टर्स.

आणि आता या तिमाहीतली सगळ्यात मोठी गोष्ट. अटलांटिक १०१९. एका बाजूला ‘सच अ नाइट’, दुसऱ्या बाजूला ‘लुसील’, १९५४ ची रेकॉर्ड. माझ्याकडे ही दहा वर्षं आहे आणि ‘लुसील’ मी फार तर चारदा ऐकलं असेल. लेबल दोन्ही बाजूंना तेच, गट मात्र वेगळा! जून १९५३ मध्ये क्लाइडने पहिले ड्रिफ्टर्स आपल्या जुन्या माउंट लेबनन सिंगर्समधून उभे केले होते. त्यांत लेखक जेम्स बाल्डविन यांचा भाऊ डेव्हिड बाल्डविनही होता. ध्वनिमुद्रण झालं, पण अटलांटिकला हवं तसं जमलं नाही. त्या दिवसातलं ‘लुसील’ तेवढं नंतर मागच्या बाजूला वापरलं गेलं. मग क्लाइडने दुसरा संच बांधला: गेरहार्ट आणि अँड्र्यू हे थ्रॅशर बंधू, बिल पिंकनी, विली फर्बी, आणि गिटारवर वॉल्टर अ‍ॅडम्स. ‘सच अ नाइट’ यातल्या थ्रॅशर बंधू आणि पिंकनी यांच्यासोबतचं.

दोन्ही बाजू पाठोपाठ लावून ऐका. ‘लुसील’मध्ये मागची मंडळी गोड गातात, पण क्लाइडच्या पाठीपाठी चालतात, तो थांबला की तीही थांबतात. ‘सच अ नाइट’मध्ये ती त्याला पुढे ढकलतात. तो ओळ संपवतो न संपवतो तोच त्यांनी ती झेललेली असते, म्हणून त्याला वरच्या स्वरावर खेळायला मोकळीक मिळते. थ्रॅशर बंधू लहानपणापासून घरच्या भक्तिगीत गटात गात आले होते, त्यांना एकमेकांचा श्वास कळायचा. मी हे दोन्ही तुकडे बायकोला काही न सांगता ऐकवले. तिला या संगीताचं वेड नाही, ती भजनी मंडळात गाते. ती लगेच म्हणाली, “दुसऱ्यातले मागचे लोक रोज एकत्र बसणारे आहेत.”

या दुसऱ्या संचाने आधी केलं ते ‘मनी हनी’, अटलांटिक १००६, ऑगस्ट १९५३ मध्ये मुद्रित, जेसी स्टोनचं गाणं, अकरा आठवडे पहिलं. लेबलवर ‘क्लाइड मॅकफॅटर अँड द ड्रिफ्टर्स’. एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याला स्वतःचं नाव छापील दिसलं. मग १९५४ मध्ये ‘हनी लव्ह’, पुन्हा पहिला क्रमांक. आणि त्याच वर्षीचं ‘व्हाइट ख्रिसमस’. ‘होम अलोन’ या चित्रपटात तो लहानगा न्हाणीघरात आरशासमोर कंगवा धरून ज्या गाण्यावर ओठ हलवतो ते हेच. सुरुवातीचा खर्ज बिल पिंकनीचा, मग वरून क्लाइड उतरतो. पिंकनीचा आवाज इतका जवळ येतो की टर्नटेबलच्या मोटरची घरघर समजून मी एकदा पट्टा तपासला होता.

त्याच वर्षी क्लाइडला लष्करात बोलावणं आलं. तो देशातच होता, अधूनमधून सुटीत येऊन गायचा. पण सेवा संपल्यावर तो गटात परतला नाही. एकट्याने गायचं ठरवलं आणि ड्रिफ्टर्समधला आपला हिस्सा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेलला विकून टाकला. इथे माझं मन दरवेळी अडतं. ज्याने वॉर्डच्या हाताखाली पगारी माणूस होण्याचं दुःख सोसलं, त्याच्याच विक्रीमुळे थ्रॅशर बंधू आणि पिंकनी दुसऱ्याच्या मालकीच्या नावाखाली पगारी झाले. १९५८ मध्ये ट्रेडवेलने अख्खा संच काढून टाकला आणि फाइव्ह क्राउन्स या वेगळ्याच गटाला ड्रिफ्टर्स हे नाव दिलं. त्यातूनच बेन ई. किंग पुढे आला. क्लाइडला पुढे या विक्रीचा पस्तावा झाला असं म्हणतात. त्याचं वय तेव्हा तेवीसच्या आसपास होतं, हेही विसरू नये.

एकट्याच्या रेकॉर्डी भरभर उतरल्या, लेबलवर फक्त त्याचंच नाव. ‘ट्रेझर ऑफ लव्ह’ (१९५६) आणि ‘लाँग लोनली नाइट्स’ (१९५७) दोन्ही रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या. मागे कसलेले गायक आहेत, काम चोख आहे, पण झील पुन्हा ‘लुसील’सारखी पाठीपाठी चालते. एमजीएम कंपनीतला काळ मी एका रेकॉर्डीत आटोपला. नंतरच्या मर्क्युरी कंपनीचं ‘लव्हर प्लीज’ (१९६२) लोकप्रिय यादीत सातवं गेलं, वाजवायला छान आहे, त्यापेक्षा जास्त मला त्यात सापडत नाही. नंतर दारू, इंग्लंडमधली दोनेक वर्षं, परत येणं, आणि १३ जून १९७२ ला एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यू. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये १९८७ ला त्याला एकट्याला घेतलं, १९८८ ला ड्रिफ्टर्सबरोबर पुन्हा. असा दोनदा मान मिळालेला तो पहिला.

नियम मोडला तो ‘द बेल्स’साठी, फेडरल १२११४. डोमिनोजचं गाणं, क्लाइड त्यात अंत्यविधीला उभा असल्यासारखा हमसून रडतो. अठ्ठ्याहत्तरची मिळाली म्हणून मागवली. विकणाऱ्याने नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली होती. पुठ्ठा उघडला तेव्हाच दोन तुकडे हातात आले. कडेपासून कडेपर्यंत सरळ भेग. ते तुकडे फेकवत नाहीत, कपाटात ठेवलेत.

उरलेल्या सहापैकी काल रात्री ‘अ लव्हर्स क्वेश्चन’ धुतली, अटलांटिक ११९९, १९५८. लेबलवर ‘क्लाइड मॅकफॅटर’ एवढंच. सुई टेकवली तर सगळ्यात आधी खर्जातला एक माणूस गातो, त्यानंतर चुटक्या, त्यानंतर क्लाइड. वहीतल्या पहिल्या रकान्यात मी ‘बास’ लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

कुणाकडे १२११४ न फुटलेली असेल तर उतरवण्यापुरती द्या. पंचेचाळीसची असली तरी चालेल. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावून, धुऊन परत पाठवीन.