कोणती गोळी कधी, एवढंच विचारायचं होतं

नानांचा अपघात, ऑपरेशन, आयसीयू हे सगळं जळगावात नीट पार पडलं. माझं डोकं फिरलं ते डिस्चार्जच्या कागदावरून. लोह, कॅल्शियम, 1 ग्रॅमची सी व्हिटॅमिनची गोळी आणि झिंक-सेलेनियम-ई असलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल. चौघांपुढे एकच शेरा : 1-0-0, म्हणजे फक्त सकाळी एक, नाश्त्यानंतर. कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही आणि जास्त लोह झिंकला अडवतं, हे चोपड्याच्या मेडिकलवाल्याने सांगितलं. पण वेळा बदलायच्या तर डॉक्टरांनाच विचारा म्हणाला.

झालं, डॉक्टरांना गाठायला जळगावच्या दवाखान्यात गेलो आणि केसपेपरची खिडकी सुरू. "पेशंट कुठंय?" घरी, मांडीत रॉड आहे. "मग केसपेपर निघणार नाही." जुनी फाइल बघा म्हटलं, तर ती रेकॉर्डला गेलेली. रेकॉर्डवाले जेवायला गेलेले. आले, तर वॉर्डाची चिठ्ठी आणा म्हणे. वॉर्डात सिस्टर म्हणाली, आधी केसपेपर दाखवा! पुन्हा खिडकीवर आलो, तर ती बंद. दुसऱ्या खेपेलाही हेच. नाना इकडे घरी करवादलेले, "इतल्या गोया खाईसन पोट भरी जाई, भाकर कसाले?"

शेवटी जिन्यात आहारतज्ज्ञ मॅडम भेटल्या. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि कागदाच्या पाठीवर उभ्या उभ्या लिहून दिलं. लोह सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, मागेपुढे तासभर चहा नाही. कॅल्शियम रात्री जेवल्यावर. कॅप्सूल दुपारी वरण-भात-तुपाबरोबर, कारण ई व्हिटॅमिन स्निग्धाशिवाय शोषलं जात नाही. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीतलं फायटेट, म्हणजे धान्या-डाळीतलाच एक घटक, झिंक धरून ठेवतं, म्हणून भाकरी रात्री. सी एकदम 1 ग्रॅम घेतलं तर निम्म्याहून कमी शोषलं जातं, तेव्हा छोटी गोळी दोनदा. या कॅप्सूलवर फार भिस्त ठेवू नका, हेही त्यांनीच सुनावलं : 2013 साली अवयव निकामी झालेल्या आयसीयूतल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात अँटिऑक्सिडंटनी मृत्यू कमी झाले नव्हते. दूध, डाळ, अंडी आधी.

तुमच्या पेशंटला अजून नळीनेच खाणं-औषध जात असेल तर कोटिंगची गोळी कुटून घालू नका, आधी विचारा. वेळा लिहून घ्यायच्या त्या बिल भरण्याआधी, वॉर्डातच. आणि हो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ई व्हिटॅमिनचं डॉक्टरांच्या कानावर घालाच. मॅडमनी पाकीट उलटून मात्रा वाचली ती त्यासाठीच.